आजार आधीपासूनचा, विमा आजपासूनचा

आरोग्य विम्याच्या प्रपोजल फॉर्ममध्ये एका पानावर नुसते प्रश्न असतात आणि प्रत्येकापुढे ‘होय’ आणि ‘नाही’चे चौकोन. मधुमेह आहे का? रक्तदाब? हृदयविकार? दमा, थायरॉईड, मूतखडा, फिट्स? पूर्वी एखादं ऑपरेशन झालंय का? सध्या कुठली गोळी चालू आहे? बहुतेक घरांत हे पान विमा घेणारा माणूस वाचतच नाही. एजंट विचारतो, ‘काका, तसं मोठं काही नाही ना?’ काका म्हणतात, ‘नाही हो, बीपीची एक गोळी आहे फक्त.’ ‘ती काय, हल्ली सगळ्यांनाच असते,’ असं म्हणत खालपर्यंत ‘नाही’वर खुणा होतात आणि सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं जातं. आता तर सहीही लागत नाही, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला की झालं.

पुढे चार-पाच वर्षांनी क्लेम मिळणार की नाही, याचा निकाल बऱ्याचदा याच पानावर लागलेला असतो. प्रीमियम किती, कुठलं रुग्णालय नेटवर्कमध्ये आहे, खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का, याची चौकशी लोक दहा ठिकाणी करतात. ती करायलाच हवी. पण या पानाला दहा मिनिटं दिली नाहीत, तर बाकीच्या चौकशीचा उपयोग होईलच याची खात्री नाही.

‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे नेमकं काय, हे आपल्याकडे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिलेलं आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरने ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी त्या काळात डॉक्टरचा सल्ला किंवा उपचार घेतले, तो आजार, दुखणं किंवा दुखापत. यात ‘डॉक्टर’ आणि ‘36 महिने’ हे दोन शब्द नीट धरून ठेवावेत. बारा वर्षांपूर्वी रक्तदाबाचं निदान झालं आणि आजही गोळी चालू आहे, तर तो आधीपासूनचा आजार, कारण उपचार चालूच आहेत. पंधरा वर्षांपूर्वी कावीळ झाली, बरी झाली, नंतर डॉक्टरकडे त्यासाठी जावंच लागलं नाही, तर ती या व्याख्येत बसत नाही. आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा हळूहळू तयार होत होता, पण ना त्रास झाला, ना तपासणी झाली, ना कुणी निदान केलं, तर ‘हा अडथळा एका रात्रीत होत नाही, म्हणजे आजार जुनाच’ एवढ्यावर तो आधीपासूनचा ठरत नाही. शरीरात काय होतं यावर ही व्याख्या उभी नाही. काय माहीत झालं होतं आणि ते कधी, यावर ती उभी आहे.

इथे एक गफलत नेहमी होते. व्याख्या 36 महिन्यांची आहे म्हणून त्याआधीचं सांगायचं नाही, असं लोक समजतात. फॉर्ममधला प्रश्न ‘कधीही झालं होतं का’ असा असेल, तर उत्तर आयुष्यभराचंच द्यायचं. आजार व्याख्येत बसतो की नाही हे पुढे ठरेल, विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं ही त्याआधीची गोष्ट.

आजारी माणसालाच विम्याची गरज जास्त असताना त्यालाच अडवायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर साध्या हिशेबात मिळतं. समजा 100 कुटुंबांनी मिळून आजारपणाची भिशी काढली. वर्षाला पाच घरांत मोठं आजारपण येतं, प्रत्येकी दोन लाख खर्च होतो. एकूण दहा लाख झाले, म्हणजे प्रत्येक घराने वर्षाला दहा हजार द्यायचे. आता नियम केला की रुग्णालयात दाखल झाल्यावरही या भिशीत सामील होता येईल. मग धडधाकट असताना दहा हजार भरत कोण बसेल? जो तो गरज पडेल तेव्हाच येणार. शेवटी त्या पाच घरांमध्येच दहा लाख वाटले जातील, प्रत्येकी दोन लाख. म्हणजे विमा उरलाच नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात पासष्टी ओलांडलेल्यांना आरोग्य विमा मिळणं अवघड का जातं, याचा उलगडाही याच कारणाने केला होता. 2001 च्या नोबेल पारितोषिकामागे हेच काम होतं.

अमेरिकेत न्यू यॉर्क राज्याने 1993 मध्ये विमा कंपन्यांना सांगितलं की येईल त्याला विमा द्यायचा आणि सगळ्यांना एकच दर लावायचा. विमा घेण्याची सक्ती मात्र नव्हती. तरुण आणि निरोगी लोक बाहेर पडत गेले आणि उरलेल्यांचे हप्ते चढत गेले. पुढे 2010 चा अफोर्डेबल केअर कायदा आला, तेव्हा 1 जानेवारी 2014 पासून आधीच्या आजारावरून विमा नाकारायला आणि जादा हप्ता लावायला बंदी झाली. पण त्याच्या जोडीने विमा न घेणाऱ्यावर दंड आणि परवडत नाही त्याला सरकारी मदत, अशा दोन गोष्टी बांधलेल्या होत्या. दंडाची रक्कम 2019 पासून शून्यावर आणली गेली.

भारतात ऐच्छिक विम्याने वेगळी वाट धरली, ती थांबण्याची. 1986 मध्ये सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला तेव्हा आधीपासूनचे आजार सरसकट बाहेर ठेवलेले होते. ती पॉलिसी इतकी रुळली की आजही आपण कुठल्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला मेडिक्लेमच म्हणतो. नंतर तडजोड झाली: आजार कायमचा बाहेर नाही, पण काही वर्षं सलग हप्ते भरा, मग तोही धरू. हा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त 48 महिने असू शकत होता. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनी तो 36 महिन्यांवर आणला. त्याच वेळी नव्या पॉलिसीसाठी असलेली 65 वर्षांची अटही गेली.

या तीन वर्षांशिवाय आणखी दोन प्रकारचं थांबणं असतं आणि त्यांची सरमिसळ होते. पॉलिसी घेतल्यावर पहिले 30 दिवस अपघात सोडून कुठल्याच आजाराचा क्लेम मिळत नाही. आणि मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघ्याचं रोपण अशा नावाने दिलेल्या उपचारांसाठी साधारण दोन वर्षांची वेगळी मुदत असते. ती तुम्हाला तो आजार आधी होता की नव्हता, याच्याशी निगडित नाही.

आता वेटिंग पिरियडच्या कलमाकडे बारकाईने पाहू. आयआरडीएआयने त्याची भाषाच प्रमाणित केली आहे, त्यामुळे कुठल्याही कंपनीची पॉलिसी उघडलीत तरी ते जवळपास त्याच शब्दांत सापडेल. त्यातली पहिली गोष्ट अशी की नुसता आजार वगळलेला नाही, त्याची ‘थेट गुंतागुंत’ही वगळलेली आहे. मधुमेहाच्या रुग्णाचा पहिल्याच वर्षी स्कूटरवरून पडून हात मोडला, तर त्याच्या क्लेमला मधुमेह आडवा येत नाही. डेंग्यू झाला तरी नाही. पण त्याच रुग्णाच्या पायाची जखम चिघळून शस्त्रक्रिया करावी लागली, तर कंपनी गुंतागुंत म्हणेल आणि ते चूकही नसेल. भांडण होतं ते मधल्या प्रदेशात. रक्तदाब असलेल्याला हृदयविकाराचा झटका आला तर ती थेट गुंतागुंत का? त्याचं वजन, धूम्रपान, घराण्यातला इतिहास, यांचं काय? अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं लेखी मत फार कामाला येतं.

त्या कलमातली दुसरी ओळ मला सर्वात महत्त्वाची वाटते आणि ती एजंटांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. मुदत संपल्यावर आजाराला संरक्षण मिळेल, पण तो आजार अर्ज करताना जाहीर केलेला असेल आणि कंपनीने तो स्वीकारलेला असेल तरच. म्हणजे ज्याने ‘होय’ लिहिलं त्याला तीन वर्षांनी हक्क मिळतो. ज्याने ‘नाही’ लिहिलं त्याने हप्ते तेवढेच भरले, तीन वर्षंही तेवढीच काढली, पण त्याच्या हाती हक्क लागत नाही. शिवाय माहिती दडवली म्हणून पॉलिसीच रद्द होण्याची टांगती तलवार वेगळी. ‘काका, तीन वर्षं निघाली की सगळं कव्हर होतं’ हा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा आहे. सांगितल्याने बहुतेक वेळा हप्ता थोडा वाढतो, इतकंच. मधुमेह आणि रक्तदाबासाठी जास्त हप्त्यात हा काळ कमी करून देणाऱ्या, काही तर पहिल्या दिवसापासून संरक्षण देणाऱ्या पॉलिसीही आता बाजारात आहेत. त्या मिळवायच्या तर आधी आजार सांगावाच लागतो.

ही ‘सगळं खरं सांगा’ची अट आली कुठून? विमा कायद्यात हे तत्त्व ज्या खटल्यामुळे रुजलं, तो एका किल्ल्याचा होता. सुमात्रा बेटावर बेनकुलन इथे ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो होता. तिथल्या गव्हर्नर जॉर्ज कार्टरने, किल्ला परकीय शत्रूने घेतला तर भरपाई मिळावी म्हणून लंडनमध्ये विमा उतरवला. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणाऱ्याने पैसे नाकारले, म्हणाला, किल्ला कमजोर आहे आणि फ्रेंच येण्याचा संभव आहे हे आम्हाला सांगितलं नाही. 1766 मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल दिला. ज्याला माहिती आहे त्याने ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण समोरचा त्या भरवशावरच करार करतो, हे तत्त्व त्यांनी मांडलं. पण निकाल लागला कार्टरच्या बाजूने. जे विमा देणाऱ्यालाही ठाऊक होतं किंवा चौकशी करून समजू शकत होतं, ते सांगितलं नाही म्हणून त्याला हात वर करता येणार नाहीत, असंही त्यांनी बजावलं. या निकालाचा पहिला अर्धा भाग विमा कंपन्यांच्या पत्रांत आवर्जून असतो. दुसरा अर्धा भाग विमेदारांनी लक्षात ठेवावा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत हे दोन्ही भाग दिसतात. 2009 मधल्या निकालात मेडिक्लेम घेणाऱ्याने प्रकृती उत्तम असल्याचं लिहिलं होतं, प्रत्यक्षात त्याला जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार होता, आणि पॉलिसीच्या पहिल्याच वर्षात त्याचा मृत्यू झाला. न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. 2021 च्या प्रकरणात लग्नासाठी अमेरिकेला निघालेल्या माणसाने परदेश प्रवासाचा मेडिक्लेम घेतला होता आणि मधुमेह असल्याचं सांगितलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्याला हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवावे लागले. तो कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी घेत होता हे सांगितलं नाही, असं म्हणत कंपनीने क्लेम नाकारला. न्यायालयाने तो नकार रद्द केला: मधुमेह सांगितलेला होता, स्टॅटिन हे मधुमेहींच्या उपचाराचाच भाग म्हणून दिलं जातं, आणि प्रकृती पाहून एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच सांगितलेल्या आजाराकडे बोट दाखवून मागे फिरता येत नाही.

परदेशातल्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी या प्रकरणात शिकण्यासारखं बरंच आहे. अमेरिकेतून घेतल्या जाणाऱ्या व्हिजिटर पॉलिसींमध्ये आधीचे आजार साधारणपणे वगळलेले असतात. फक्त त्या आजाराचा अचानक, पूर्वसूचना न देता झालेला उद्रेक धरला जातो, तोही वयाच्या आणि रकमेच्या मर्यादेत, आणि बहुधा 24 तासांच्या आत उपचार घेतले तर. आईच्या छातीत दोन दिवस दुखत होतं, ‘बघू, गॅसेस असतील’ म्हणून थांबलो, असं तिथल्या डॉक्टरच्या नोंदीत गेलं की ते ‘अचानक’ राहत नाही. औषधं किती महिन्यांची नेली याचा हिशेब जसा सगळे करतात, तसं हे कलमही विमान सुटण्याआधी मुलांनी आणि आईवडिलांनी एकत्र वाचलेलं बरं.

डॉक्टरच्या नोंदीचा विषय निघालाच आहे, तर तिथे जरा थांबायला हवं. रात्री दोन वाजता छातीत दुखतं म्हणून मुलगा वडिलांना घेऊन येतो. कॅज्युअल्टीतले डॉक्टर ईसीजीची पट्टी पाहता पाहता विचारतात, ‘बीपी आहे का यांना?’ ‘हो.’ ‘किती वर्षं?’ मुलाच्या डोक्यात त्या क्षणी वर्षांचा हिशेब नसतो. तो म्हणतो, ‘असेल आठ-दहा वर्षं.’ केसपेपरवर ‘के/सी/ओ एचटीएन, 10 वर्षं’ असं उमटतं, म्हणजे रक्तदाबाचा माहीत असलेला रुग्ण. तीच ओळ वॉर्डातल्या कागदांत जाते, तिथून डिस्चार्ज समरीत, तिथून कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या टीपीएच्या टेबलावर. पॉलिसी चार वर्षांची असते. रक्तदाब खरा दोन वर्षांपूर्वी निघालेला, पण कागद दहा वर्षं म्हणतो, म्हणजे माहिती दडवली. क्लेम अडकतो.

डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या घडीला त्यांना रुग्ण वाचवायचा असतो. पण नक्की माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही’ असंच सांगावं. चुकीची नोंद झाली असेल, तर घरी जायच्या आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून लेखी दुरुस्ती मागावी. यासाठी आजाराची पहिली चिठ्ठी जपून ठेवणं फार मोलाचं, तारीख असलेली, डॉक्टरांच्या सहीची. रक्ताचे जुने रिपोर्ट, विशेषतः साखर नॉर्मल आलेले, लोक निरुपयोगी समजून फेकून देतात. ‘या तारखेपर्यंत मला मधुमेह नव्हता’ याचा तेवढाच पुरावा हाती असतो. कुणाच्या तरी ऐकीव माहितीवर केसपेपरात लिहिलेली एकटी ओळ म्हणजे आजार दडवल्याचा पक्का पुरावा नव्हे, अशी भूमिका ग्राहक आयोगांनी अनेक प्रकरणांत घेतली आहे. पण आयोगापर्यंत जावं लागणं हीच मोठी शिक्षा आहे.

सलग हप्ते भरणाऱ्याला मिळणारं एक बळ पुरेसं माहीत नसतं. पॉलिसी 60 महिने अखंड चालली की त्यानंतर माहिती दडवली किंवा चुकीची दिली या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. 2024 पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. ‘अखंड’ या शब्दाला इथे फार किंमत आहे. रिन्युअलची तारीख चुकली, त्यानंतरची 30 दिवसांची सवलतही गेली, तर साठलेली वर्षं वाया जाऊन सगळं नव्याने सुरू होऊ शकतं. विम्याची रक्कम पाच लाखांवरून दहा लाख केली, तर वाढलेल्या पाच लाखांसाठी वेटिंग पिरियड नव्याने मोजला जातो. कंपनी बदलायची तर नवी पॉलिसी न काढता जुनी पोर्ट करावी, म्हणजे थांबलेली वर्षं सोबत येतात. अर्ज रिन्युअलच्या किमान 45 दिवस आधी द्यावा, आणि त्या अर्जातही आजार तितक्याच स्पष्टपणे लिहावेत.

नोकरदारांना ऑफिसच्या समूह विम्यात आधीचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले मिळतात, आणि त्यामुळे स्वतःची पॉलिसी घेणं पुढे ढकललं जातं. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती, हातात मधुमेहाची फाईल आणि समोर नवा वेटिंग पिरियड. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, तिची चौकशी निवृत्तीच्या आधी करावी. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले, त्यानुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि सर्वाधिक प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के. गोव्यासारख्या ठिकाणी प्रौढांमधल्या चौघांतल्या एकाला जो आजार आहे, त्याला अपवाद समजून बाहेर ठेवणारा विमा त्या समाजाला फारसा उपयोगाचा नाही. म्हणून खाजगी विम्याच्या नियमांबरोबर सरकारी योजनांकडेही गांभीर्याने पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तिथे वेटिंग पिरियड नाही. सप्टेंबर 2018 मध्ये रांचीहून सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते आणि आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरते. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, ती खुली झाली. महाराष्ट्रात 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर नेऊन ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. मर्यादा आहेत: ठरवलेलेच उपचार, ठरवलेलीच रुग्णालयं, आणि चांगल्या रुग्णालयांनी योजनेत टिकायचं तर सरकारने पैसे वेळेवर द्यायला हवेत. तरी ज्याला कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही अशा माणसासाठी, रुग्णालयात टेबल मांडून बसलेला आरोग्यमित्र हा पहिला भेटायचा माणूस आहे.

खाजगी कंपनीने क्लेम नाकारला तर ते पत्र नीट वाचावं. कुठल्या कलमाखाली नाकारला हे त्यात लिहिलेलं असलंच पाहिजे. आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दाव्यांचा फेरविचार करणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, तेव्हा ती मंजुरी झाली का हेही विचारावं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जावं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात, फी नाही, वकील लागत नाही. नकार आल्यापासून वर्षाच्या आत तिथे पोचावं लागतं. सोबत प्रपोजल फॉर्मची प्रत, जुन्या चिठ्ठ्या आणि डॉक्टरांचं पत्र न्यावं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि विमेदाराला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता त्याच्यासाठी मोकळा राहतो.